हेल-बॉपची वाट गुरूने वाकवली
नांदेड-लातूरकडच्या चाळिशीपुढच्या मंडळींना १९९७चा मार्च-एप्रिल आठवत असेल. दिवस मावळला की वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसणारा शेपटीवाला तारा, म्हणजे हेल-बॉप धूमकेतू. त्याआधी तो सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी येऊन गेला होता. पुढची फेरी मात्र साधारण अडीच हजार वर्षांतच!

हे गुरूचं काम. एप्रिल १९९६मध्ये हेल-बॉप गुरूपासून सुमारे साडेअकरा कोटी किलोमीटरवरून गेला. आपल्याला हे अंतर अफाट वाटतं, पण गुरूच्या ओढीला तेवढं पुरलं. धूमकेतूची ऊर्जा थोडी घटली आणि कक्षा आखूड झाली. उलटंही घडतं. १७७०मध्ये दिसलेला लेक्सेलचा धूमकेतू १७७९मध्ये गुरूच्या फार जवळून गेला आणि भिरकावला गेला. तो पुन्हा सापडलाच नाही.

धूमकेतूची वाट बदलण्याचं दुसरं कारण मला जास्त आवडतं, कारण इथे धूमकेतू स्वतःच स्वतःला ढकलतो. सूर्याजवळ त्याच्या बर्फाची वाफ होऊन फवारे सुटतात आणि रॉकेटसारखा उलटा धक्का बसतो. एंकेचा धूमकेतू दर ३.३ वर्षांनी येतो, पण एकोणिसाव्या शतकात तो प्रत्येक फेरीला दोन-अडीच तास आधीच हजर होत होता. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपलने १९५०मध्ये त्याचं कारण या फवाऱ्यांत शोधलं.