विश्लेषण : नाण्यावरच्या रेघेमुळे दहाचे लाख होतात का?

गेल्या आठवड्यात आईने व्हॉट्सअ‍ॅपवर दहा रुपयांच्या नाण्याचा फोटो पाठवला. आकड्यापासून कडेपर्यंत गेलेली एक बारीक रेघ आणि खाली प्रश्न, 'असली नाणी लाखाला जातात म्हणे. खरं का रे?' मी हसण्यावारी नेणार होतो, तेवढ्यात पुढचा मेसेज आला. तिने एका वेबसाइटवर फोटो टाकलाही होता, 'गिऱ्हाईक' मिळालं होतं आणि नोंदणी शुल्क म्हणून साडेसातशे रुपये मागितले होते. पैसे अजून गेले नव्हते, एवढंच नशीब.

रेघ येते कुठून?

टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये, म्हणजे डायमध्ये, जोरात दाबली की नाणं तयार होतं. एकाच डायखालून हजारो, कधी लाखो नाणी जातात. सततच्या दाबाने पोलाद थकतं आणि त्याला तडा जातो. मग प्रत्येक नाण्याचा धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उठलेली रेघ दिसते. नखाने चाचपून पाहा. रेघ वर आलेली असेल तर ती टांकसाळीतली. आत खोल गेली असेल तर बहुधा नंतर पडलेला ओरखडा.

पण रेघ टांकसाळीतली निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. डाय बदलेपर्यंत तीच रेघ पुढच्या सगळ्या नाण्यांवर उमटत राहते. डायच्या खाचेत वंगण आणि मळ बसून अक्षर पुसट येतं, त्याचंही तसंच. हौशी संग्राहक असं नाणं ठेवून घेतो, पण किंमत सहसा दहाचीच.

मग भाव कशाला?

क्वचित घडणारी, लांबूनही दिसणारी आणि तपासणीतून निसटलेली चूक असेल तर. चकती नीट न बसल्याने ठसा सरकतो आणि नाण्याचा मोठा भाग कोराच राहतो. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर त्याचीच उलटी, खोलगट छाप पडते. संग्राहक त्याला 'ब्रोकेज' म्हणतात. दोन धातूंच्या दहाच्या नाण्यात मधली चकती सरकून कड्यावर चढते. घरबसल्या करण्यासारखी एक तपासणीही आहे. आपली बहुतेक नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटली की मागची बाजू सरळच दिसते. ती आडवी किंवा उलटी दिसली, तर नाणं बाजूला ठेवा.

ब्रिटनमधलं उदाहरण तर टांकसाळीनेच मान्य केलेलं आहे. २००८ मध्ये तिथल्या २० पेन्सच्या नाण्याचं डिझाइन बदललं आणि साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलं. काही नाणी जुन्या-नव्या डायच्या चुकीच्या जोडीने पाडली गेली, त्यामुळे त्यांच्यावर सालच नाही. अशी जास्तीत जास्त अडीच लाख नाणी असावीत, असा अंदाज आहे. ती दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट भावाने विकली जातात, पण त्यांनीही कुणाचं घर झालेलं नाही.

काय चूक नाही?

सालाखालचं चिन्ह. हिऱ्याचा आकार म्हणजे मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. या ठिपक्याला 'दुर्मीळ दोष' म्हणून खपवणारे व्हिडीओ मी स्वतः पाहिलेत. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणंही असंच 'लाखाचं' म्हणून फिरतं. ते स्मारक नाणं आहे, भरपूर काढलेलं. मधली चकती ठोकून पाडलेलं दहाचं नाणं ही तर कुणाची तरी हातोडीची करामत.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच सांगितलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक नसते, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तिच्या वतीने ते घेण्याचा अधिकारही दिलेला नाही. खरा संग्राहक नाणं हातात घेऊन, भिंगाखाली पाहून पैसे देतो. आधी तुमच्याकडून घेत नाही. पैसे गेलेच असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा.

आईने व्हिडीओ कॉलवर नख फिरवून पाहिलं. रेघ उठलेलीच होती, म्हणजे टांकसाळीतली. नाणं तिने कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलंय. 'गिऱ्हाइका'चे फोन मात्र अजून येतात. काल शुल्क साडेतीनशेवर आलं होतं.