कर्णनाद : तेल घालण्यापूर्वी

शालाक्यतंत्रातील व्याधींपैकी कर्णनाद हा सामान्य चिकित्सकाकडून काहीसा उपेक्षिला गेलेला व्याधी आहे. रुग्ण म्हणतो, कानात आवाज येतो. बाहेरून पाहता काही दिसत नाही. शूल नाही, स्राव नाही, ज्वर नाही. मग बिल्वतैलाची बाटली आणि सारिवादि वटी लिहून देऊन वैद्य पुढील रुग्णाकडे वळतो. ही औषधे चुकीची आहेत असे नाही, परंतु कर्णनाद हे पुष्कळदा एखाद्या निराळ्याच विकृतीचे पहिले लक्षण असते आणि ती विकृती ओळखण्याची संधी या घाईत निघून जाते. तेलाची बाटली उघडण्यापूर्वी वैद्याने काय पाहावे, काय विचारावे आणि कोणता रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावा, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंसमोर हा प्रश्न वारंवार उभा राहतो, म्हणून हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

शास्त्रोक्त विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ऐंशी नानात्मज वातविकारांची जी गणना केली आहे, तीत ‘अशब्दश्रवण’ हे एक नाव येते. शब्द नसताना शब्द ऐकू येणे, इतका नेमका अर्थ त्या एका पदात सामावला आहे. त्याच्या शेजारीच उच्चैःश्रुती आणि बाधिर्य यांचा उल्लेख आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून त्यांत प्रणाद म्हणजेच कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन स्वतंत्र व्याधी मानले आहेत. विमार्गग झालेला वायू शब्दवह सिरांत स्थित झाला म्हणजे रुग्णास भेरी, मृदंग, शंख यांसारखे विविध ध्वनी ऐकू येतात. हा कर्णनाद होय. क्ष्वेडाची हेतुमाला मात्र वेगळी दिली आहे. श्रम, धातुक्षय, रूक्ष व कषाय रसाचे भोजन आणि शिरोविरेचनानंतर शीत सेवन ही त्याची कारणे होत. माधवनिदानकारांनी क्ष्वेडात वायूबरोबर पित्तादींचा अनुबंध सांगून त्याचा स्वर वेणूच्या घोषासारखा म्हटला आहे. रुग्णांच्या तोंडून हा भेद आजही ऐकू येतो. कोणी म्हणतो ‘घूंऽ घूंऽ होते’, कोणी म्हणतो ‘रातकिडे ओरडतात’, कोणी म्हणतो ‘कुकरची शिट्टी लागून राहिली आहे’. ही वर्णने केसपेपरवर रुग्णाच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. खोल, घोंगावणारा स्वर आणि तीक्ष्ण, शिट्टीसारखा स्वर यांची कारणे पुष्कळदा भिन्न असतात.

या सर्वांत मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते वाग्भटाचार्यांचे निरीक्षण. कफानुगत वायूमुळे, किंवा कर्णनादाची उपेक्षा केल्यामुळे, रुग्णास प्रथम मोठ्याने बोललेलेच आणि तेही कष्टाने ऐकू येते व पुढे क्रमाने बधिरत्व येते, असे ते सांगतात. श्रवणऱ्हासाची चाहूल पुष्कळदा नादाने लागते, या आजच्या कर्णविज्ञानाच्या अनुभवाशी हे निरीक्षण जुळते.

नाद कोठे उत्पन्न होतो?

अंतःकर्णातील शंखाकृती भागात सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनिलहरींचे रूपांतर नाडीसंवेदनेत करण्याचे काम त्या करतात. एकदा नष्ट झालेल्या केसपेशी मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. त्या क्षीण झाल्या की विशिष्ट स्वरांची संवेदना मेंदूकडे जाणे कमी होते आणि ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली ग्रहणशक्ती वाढवतात, असे आज मानले जाते. ज्यांनी पूर्वी मध्यम लहरींवर आकाशवाणीचे परभणी केंद्र ऐकले असेल त्यांना हे सहज उमजेल. केंद्र नीट लागत नाही म्हणून बटण पिळून आवाज वाढवावा, तर बातम्यांपेक्षा खरखरच मोठी होत असे. कर्णनादातही साधारण हेच घडते.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी स्वतःस निरोगी श्रवणाचे समजणाऱ्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. म्हणजे पूर्ण शांततेत थोडा नाद जवळजवळ प्रत्येकास असतोच. मन त्याकडे लक्ष देत नाही इतकेच. कर्णनादाच्या रुग्णात हे दुर्लक्ष करण्याचे सामर्थ्य ढळलेले असते. आवाज आला की चिंता, चिंतेने निद्रानाश, निद्रानाशाने वातवृद्धी आणि वातवृद्धीने पुन्हा आवाज, असे हे चक्र आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना हा त्रास कधी ना कधी जाणवतो. त्यातील थोड्यांनाच तो असह्य होतो.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. आपला जिल्हा नर्सी नामदेवाचा. भजन-नामस्मरणात रमलेले काही वृद्ध कानातील आवाजास अनाहत नाद समजून कोणास सांगतच नाहीत. हठयोगप्रदीपिकेत नादानुसंधानाच्या प्रकरणी भेरी, शंख, घंटा, वेणू यांसारखेच ध्वनी वर्णिले असल्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता इतकेच विचारावे की, समोरच्याचे बोलणे पूर्वीइतके स्पष्ट ऐकू येते काय? उत्तर ‘नाही’ असे आले तर श्रवणपरीक्षा आवश्यक आहे.

आपल्याकडील हेतू

कर्णगत व्याधींच्या अध्यायांत मोठ्या आवाजाचा हेतू म्हणून ठळक उल्लेख नाही, म्हणून आयुर्वेदास ध्वनिप्रदूषण अवगत नव्हते असे कोणी म्हणू नये. चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे विवरण करताना मेघगर्जना, पटह, आक्रोश अशा शब्दांचे अतिमात्र श्रवण हा श्रवणेंद्रियाचा अतियोग होय, असे स्पष्ट म्हटले आहे. पटहाच्या जागी आज डीजे ठेवावा, म्हणजे झाले.

सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रावर दिवसदिवस उभा राहणारा मजूर, वसमत परिसरात हळद शिजवून वाळल्यावर ती पॉलिश करणाऱ्या फिरत्या ड्रमजवळ काम करणारा कामगार, जिनिंगमधील कामगार, उघड्या ट्रॅक्टरचा चालक, वरातीत कर्ण्यांसमोर नाचणारा तरुण आणि वाजवणारा बँडवालाही, हे सर्व शब्दाच्या अतियोगाचे रुग्ण आहेत. सर्वसाधारण नियम असा की ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपर्यंत राहता येते आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्म्याने घटते. या हिशेबाने १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. मिरवणुकीतील कर्ण्यांच्या भिंतीसमोर ही पातळी सहज ओलांडली जाते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम २००० सालापासून आहेत. परंतु दिवसा चार तास कर्ण्यासमोर नाचणाऱ्याच्या कानाचे रक्षण त्या नियमाने होत नाही.

याच मजुराचा आहारविहार पाहावा. पहाटे कोरडी भाकरी, दिवसभर धूळ व ऊन, जेवणाची वेळ टळलेली, झोप अपुरी. सुश्रुताचार्यांनी क्ष्वेडाचे जे हेतू सांगितले, त्यांपैकी श्रम, क्षय आणि रूक्ष भोजन येथे एकत्र उभे असतात. आवाजाचा आघात आणि वातप्रकोपक विहार एकाच शरीरावर पडतात.

औषधजन्य हेतूही विचारलाच पाहिजे. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या वर्गातील इंजेक्शने, मोठ्या मात्रेत ॲस्पिरिन, क्विनाइन, फ्युरोसेमाइड आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांमुळे कर्णनाद होऊ शकतो. क्षयरोगासाठी पूर्वी दीर्घकाळ इंजेक्शने घेतलेले रुग्ण आपल्या भागात आजही भेटतात. अशी औषधे चालू असतील तर ती परस्पर बंद करावयास सांगू नये. ती देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

कर्णगूथ हे सर्वांत साधे कारण. मळ काढला आणि नाद थांबला, असे पुष्कळदा घडते. पांडुरोगातही, विशेषतः अत्यार्तवाने क्षीण झालेल्या स्त्रियांत, नाडीच्या ठोक्याबरोबर सळसळणारा आवाज येऊ शकतो. अशा स्त्रीच्या कानात महिनाभर तेल घालण्यापेक्षा तिचे हिमोग्लोबिन तपासणे अधिक शास्त्रीय होय.

परीक्षण

ऑटोस्कोप हे उपकरण आता महाग राहिलेले नाही. प्रत्येक वैद्याच्या मेजावर ते असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्णपटल अखंड आहे की त्यास छिद्र आहे, हे पाहिल्याविना कर्णपूरण करणे सर्वथा अयोग्य. छिद्रातून तेल मध्यकर्णात उतरते, सोबत जंतूही नेते आणि कोरडा कान वाहू लागतो. अपामार्गक्षार तैलासारखे क्षारयुक्त कल्प तर छिद्र असता कटाक्षाने टाळावेत.

५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क दुसरे स्वस्त साधन. तो कंपित करून कपाळाच्या मध्यावर टेकवावा व आवाज कोणत्या कानात अधिक येतो ते विचारावे. सदोष कानात अधिक आला तर अडथळा बाह्य वा मध्यकर्णात, चांगल्या कानात अधिक आला तर विकृती अंतःकर्णात वा नाडीत असण्याचा संभव. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड, रक्तशर्करा यांची तपासणी गरजेनुसार करावी.

आता पुढे पाठवण्याविषयी. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आणि सोबत नाद सुरू झाला, तर ती आत्ययिक अवस्था समजावी. येथे स्टेरॉईडचा उपयोग लवकरात लवकर, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू केल्यास होण्याची शक्यता असते. ‘आठ दिवस तेल घालून पाहू’ या वाक्याने रुग्ण कायमचा एका कानाने बहिरा होऊ शकतो. त्यास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभागात पाठवावे. केवळ एकाच कानात सतत नाद असणे, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे, सोबत भ्रम, चेहऱ्याचे वैकल्य वा डोक्यास आघाताचा इतिहास असणे, या अवस्थांतही तज्ज्ञांचा अभिप्राय अनिवार्य आहे. भ्रमाचे वेग, कान भरल्यासारखा वाटणे, कमी-जास्त होणारे श्रवण आणि घोंगावणारा नाद हे एकत्र दिसल्यास मेनिअरच्या व्याधीचा विचार करावा.

चिकित्सा

वरील अवस्था वगळल्यानंतर जो रुग्ण राहतो, तो आपल्या चिकित्सेस योग्य. सुश्रुताचार्यांनी कर्णशूल, प्रणाद, बाधिर्य व क्ष्वेड या चौघांची चिकित्सा समान सांगितली आहे. सामान्य उपक्रमात घृतपान, रसायन, अव्यायाम, शिरःस्नान वर्ज्य करणे, ब्रह्मचर्य आणि मितभाषण यांचा समावेश आहे. मळणीच्या हंगामात मजुरास अव्यायाम सांगणे म्हणजे मजुरी बुडव म्हणणे होय. तो ऐकणार नाही. त्याला निदान कानात घालावयाचे इअरप्लग सुचवावेत. कापसाचा बोळा पुरेसा आवाज अडवत नाही, हेही सांगावे, कारण आपल्याकडे तोच सर्वत्र वापरला जातो.

स्नेहन-स्वेदनानंतर नस्यासाठी अणुतैल वा क्षीरबला तैल योजावे. वातप्राबल्य व मलावष्टंभ असता बस्तीचा विचार करावा. कर्णपूरणासाठी, बिल्व गोमूत्रात वाटून जल व दुग्धासह सिद्ध केलेले बिल्वतैल सुश्रुताचार्यांनी बाधिर्यात सांगितले आहे आणि परंपरेने ते नादातही वापरले जाते. तैलाने कर्णपूरण सूर्यास्तानंतर करावे असे शार्ङ्गधराचे वचन आहे. रुग्णास कुशीवर निजवून कर्णमूल हलके चोळावे. तेल शरीराइतकेच कोमट असावे. थंड वा अधिक उष्ण तेलाने तत्काळ चक्कर येते. आभ्यंतर योजनेत सारिवादि वटी, अश्वगंधा, निद्रानाश असता ब्राह्मी व शिरोधारा यांचा अवस्थेनुसार उपयोग करावा. सारिवादि वटीत लोह व अभ्रक भस्म असल्याने ती विश्वसनीय निर्मात्याचीच घ्यावी.

या योजनेने निद्रा सुधारते, चिंता उतरते आणि नादाचा उपद्रव कमी होतो, असा माझा अनुभव आहे. नाद समूळ नाहीसा होईल असे आश्वासन मात्र जुन्या, श्रवणऱ्हासयुक्त रुग्णास देऊ नये. आधुनिक वैद्यकाकडेही तसे औषध नाही. तेथे श्रवणयंत्र, मंद पार्श्वध्वनीचा वापर आणि वर्तनोपचार यांवर भर असतो. या गोष्टी आपल्या चिकित्सेबरोबर निःसंकोच योजता येतात. श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज वाढले की आतला आपोआप मागे पडतो. वृद्ध रुग्ण लाजेने ते टाळतात, म्हणून मुलासुनेलाही सोबत बसवून समजवावे लागते. ‘बहिरेपणा व कर्णनाद हमखास बरा’ असे फलक लावणाऱ्यांना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याची आठवण करून द्यावी. जाहिरातीस मनाई असलेल्या रोगांच्या यादीत बहिरेपणा आहे.

रात्र हा या रुग्णाचा कठीण काळ. गावाकडे दहानंतर सामसूम होते आणि आतला आवाज मोठा वाटू लागतो. पंखा चालू ठेवावा किंवा रेडिओ अगदी हळू लावून निजावे, सायंकाळनंतर चहा व तंबाखू बंद करावी, आवाज आला की कान दाबून तो पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय मोडावी. पहिल्या भेटीत ऑडिओमेट्रीचा आलेख काढून तो केसपेपरला जोडावा आणि सहा महिन्यांनी, पुढच्या हंगामापूर्वी, दुसरा काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.