खाणींतील टाकाऊ गाळ आणि कार्बन डायऑक्साइडचे खनिजबंधन

प्रस्तावना

खाणीतून काढलेले धातुक दळून त्यातील धातूचा अंश वेगळा केल्यावर उरणारा बारीक गाळ खाणीलगत साठविला जातो. हा गाळ सामान्यतः पर्यावरणावरील भार समजला जातो. तथापि मॅग्नेशियमयुक्त खडकांचा गाळ हवेतील कार्बन डायऑक्साइड घनरूपात बांधून ठेवू शकतो. या क्षमतेचा प्रत्यक्षात कितपत उपयोग होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रक्रियेचे स्वरूप

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते खनिजातील मॅग्नेशियम मोकळे करते व त्यापासून स्थिर कार्बोनेट बनते. निसर्गात ही क्रिया अत्यंत सावकाश घडते. तिचा हेतुतः उपयोग करावा, असे वॉल्टर सायफ्रिट्झ यांनी १९९० मध्ये सुचविले. खडक दळण्यास बरीच ऊर्जा लागते. खाणीच्या गाळाबाबत हा खर्च आधीच झालेला असतो. रासायनिक समीकरणानुसार १ टन वायू बांधण्यास सुमारे २.१ टन सर्पेंटाइन पुरते.

माउंट कीथचा अनुभव

पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट कीथ या निकेल खाणीतून वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख टन गाळ बाहेर पडत असे. त्यातील निम्मा भाग सर्पेंटाइनचा धरला, तरी समीकरणानुसार सुमारे २६ लाख टन वायू बांधला जावयास हवा. प्रत्यक्षात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा आकडा वर्षाला सुमारे ४० हजार टन, म्हणजे खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या ११ टक्के होता. ऑक्टोबर २०२४ पासून या खाणीचे काम स्थगित झाले.

या तफावतीची कारणे दोन आहेत. ब्रुसाइटसारखे त्वरित क्रिया करणारे खनिज गाळात अल्प असते, तर सर्पेंटाइन मंद गतीने विरघळते. शिवाय हवेत हा वायू केवळ ०.०४ टक्के असून तो ओल्या गाळाच्या आतील थरांपर्यंत सहज पोहोचत नाही. गाळ पातळ थरांत पसरणे, वरखाली करणे किंवा त्यात कारखान्यांतील धूरवायू सोडणे हे त्यावरील उपाय होत. मात्र त्यांस लागणारी ऊर्जा हिशेबात धरली पाहिजे.

भारतीय संदर्भ

ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटबरोबर सर्पेंटाइनयुक्त खडक आढळतात. परंतु वरच्या लॅटराइटमधील मॅग्नेशियम पूर्वीच वाहून गेले आहे. शिवाय तेथील पाण्यात घातक षट्‌संयुजी क्रोमियम आढळते. म्हणून गाळाची खनिजनिहाय तपासणी व पाण्याचे संरक्षण यांस प्राधान्य हवे.

निष्कर्ष

गाळाची क्षमता खरी आहे. परंतु क्षमता म्हणजे वेग नव्हे. जो वायू गाळ आपोआप शोषतो, तो नव्या प्रयत्नांचे फळ म्हणून मोजता येणार नाही. उपायांमुळे झालेली निव्वळ वाढच श्रेयास पात्र ठरते. अन्यथा हा गाळ नव्या खाणकामाच्या समर्थनार्थ पुढे केला जाण्याचा धोका संभवतो.