गर्भाशय धमनी आणि प्रसूतीनंतरची पहिली घटका

कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत. शिवसागर जलाशय भरत आला की ते किती उचलावयाचे याचा हिशेब मांडला जातो व नदीकाठच्या गावांना आगाऊ सूचना दिली जाते. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या शरीरातही रक्ताचा असाच मोठा प्रवाह गर्भाशयाकडे वळलेला असतो. परंतु रक्त आणणाऱ्या धमनीवर दरवाजा नसतो. तो असतो खुद्द गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये. हा दरवाजा वेळेवर मिटला नाही तर काय होते आणि तो मिटविण्यासाठी उपकेंद्राच्या पातळीवर काय करता येते, हे समजण्यासाठी प्रथम धमनीची रचना पाहणे आवश्यक आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी पाठीच्या कण्यासमोरून खाली येते आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, म्हणजे साधारणपणे बेंबीच्या पातळीवर, दुभंगते. या दोन शाखांपैकी प्रत्येकीला पुढे पुन्हा दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा मांडीकडे जातो. आतला फाटा ओटीपोटाच्या पोकळीत, म्हणजे श्रोणीत उतरतो. ही अंतःश्रोणि धमनी होय. तिची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. पण मूत्राशय, नितंब व गर्भाशय या सर्वांचा रक्तपुरवठा मुख्यतः तिच्याच शाखांवर अवलंबून असतो. त्यांपैकी गर्भाशयाकडे जाणारी शाखा ती गर्भाशय धमनी. ती उजवीकडे एक व डावीकडे एक अशी असते, गर्भाशयाच्या मुखापाशी पोचते आणि तेथून नागमोडी वळणे घेत कडेने वर चढते. ही वळणे निरर्थक नाहीत. गर्भाबरोबर गर्भाशय वाढू लागले की ती उलगडतात आणि धमनीला ताण न बसता तिची लांबी वाढते.

मुखापासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर ही धमनी मूत्रवाहिनीला वरून ओलांडते. पुलाखालून पाणी जावे तशी मूत्रपिंडाकडून आलेली नळी येथे धमनीखालून जाते. शल्यचिकित्सकाला या जागेची विशेष धास्ती असते, कारण रक्तस्राव थांबविण्याच्या घाईत धमनीऐवजी मूत्रवाहिनीच बांधली जाण्याचा धोका येथे असतो. धमनी बांधणे हे म्हणूनच सुसज्ज रुग्णालयातील अनुभवी हातांचे काम आहे. शिवाय दोन्ही अंतःश्रोणि धमन्या बांधल्या तरी प्रवाह पूर्ण थांबत नाही; तो साधारण निम्म्यावर येतो, कारण आडवाटेच्या लहान वाहिन्यांतून रक्त येतच राहते.

एरवी गर्भाशयाला दर मिनिटास सुमारे ५० मिलिलिटर रक्त पुरते. नऊ महिने भरेपर्यंत हे प्रमाण ५०० ते ७०० मिलिलिटरपर्यंत जाते. शरीरात एकूण रक्त असते पाच लिटरच्या आसपास. वार सुटते तेव्हा तिच्या जागेवरील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायुतंतू या वाहिन्यांभोवती उभे, आडवे, तिरपे असे जाळीसारखे विणलेले असतात. भाताचा भारा दोरीने आवळावा त्याप्रमाणे ते आकुंचन पावून वाहिन्या आवळतात. गर्भाशय सैल राहिले तर उपचाराअभावी दोन तासांच्या आत माता दगावू शकते. पंडुरोगाने आधीच अशक्त झालेल्या स्त्रीला तेवढाही अवधी मिळत नाही.

कोयनानगरहून कराड ५० कि.मी.हून अधिक दूर आहे आणि जलाशयापलीकडील काही वस्त्यांना आधी लाँच गाठावी लागते. पावसाळ्यातील त्या प्रवासाचे वर्णन पाटण तालुक्यातील वाचकांस करावयास नको. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे, ही मोठीच सोय झाली. तथापि तिची वाट पाहत असतानाच दरवाजा मिटवावा लागतो.

त्यासाठी मूल जन्मताच एका मिनिटात ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन देतात. त्याने स्नायू आवळतात. अडचण एवढीच की हे औषध थंड ठेवावे लागते व वीज गेली की शीतपेटीचा भरवसा राहत नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना ही अडचण नाही. सह्याद्रीच्या याच बाजूस, बेळगाव जिल्ह्यात, तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांवर अभ्यास झाला. प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात, परिचारिकेच्या हातून झालेल्या होत्या. गोळ्या दिलेल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. रक्त तेथे खुणा केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजले गेले. हे मोजणे लेखकाच्या मते गोळ्यांइतकेच महत्त्वाचे आहे, कारण नुसत्या नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी भरतो आणि ‘थोडेच गेले’ म्हणता म्हणता वेळ निघून जातो.

काही उपायांना औषधही लागत नाही. ओटीपोटावरून गर्भाशय चोळले असता ते कठीण होते. भरलेले मूत्राशय त्याच्या आकुंचनाला आड येते, म्हणून लघवी करवून घ्यावी. बाळाला लगेच छातीशी लावल्यास मातेच्या शरीरातच ऑक्सिटोसिन स्रवते.

एवढे करूनही रक्त थांबले नाही, तर रुग्णवाहिकेत प्रशिक्षित परिचारिका बेंबीच्या किंचित वर, डाव्या बाजूस मूठ रोवून महाधमनी कण्यावर दाबून धरू शकते. महाधमनी दुभंगते ती याच्या खालीच, त्यामुळे दोन्ही बाजूंचा प्रवाह एकाच दाबाने रोखला जातो. दाब पुरेसा आहे की नाही हे दुसऱ्या हाताने जांघेतील नाडी पाहून कळते. नाडी लागेनाशी झाली म्हणजे मूठ योग्य जागी आहे.