औषध फुप्फुसातच पोहोचावे म्हणून

काही वर्षांपूर्वी राईस मिलमध्ये हमाली करणारे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. क्षयरोग उलटल्यामुळे त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने चालू होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कानात रातकिडे ओरडतात, चालताना तोल जातो. रोग छातीत, मग दवा कानात कशाला जाते?"

प्रश्न रास्त होता. इंजेक्शनचे औषध रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरते. फुप्फुसाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. स्ट्रेप्टोमायसिन व अमिकॅसिन ही एकाच घराण्यातील औषधे. मात्रा वाढवली तर कान व मूत्रपिंड यांना इजा होते. शिवाय क्षयाचे जंतू मोठे लबाड! ज्या पेशी त्यांना गिळतात, त्यांच्याच पोटात ते दडून बसतात. तिथे ही औषधे फारशी शिरत नाहीत.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे लायपोसोम. आपली करंजी डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारी, आत सारण. लायपोसोममध्ये पारी स्निग्ध पदार्थाची आणि सारण औषधाचे. आकार मात्र इतका सूक्ष्म, की केसाच्या जाडीत अशा दोनशे करंज्या सहज मावतील. इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात हे गोळे प्रथम ओळखले.

आपल्या महाराष्ट्रातही यावर मोलाचे काम झाले आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील संशोधकांसह लायपोसोममधले ॲम्फोटेरिसिन-बी विकसित केले. हे बुरशीवरचे औषध. साधे दिले तर थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडावर ताण पडतो. लायपोसोममधून दिल्यास हा त्रास बराच कमी होतो. २०२१ साली कोरोनानंतर काळ्या बुरशीची साथ आली, तेव्हा याच इंजेक्शनसाठी नातेवाइकांची झालेली धावपळ वाचकांना आठवत असेल.

आता फुप्फुसाकडे वळू. क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद माती-पाण्यात राहतात आणि आधीच खराब झालेल्या फुप्फुसात घर करतात. यांपैकी 'मॅक' गटातील हट्टी जंतूंसाठी लायपोसोममधले अमिकॅसिन वाफाऱ्यासारखे ओढून घेण्यास अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली. फुप्फुसाच्या अस्तरात निसर्गतः असणाराच स्निग्ध पदार्थ त्याच्या पारीत वापरतात. जंतू गिळणाऱ्या पेशी या गोळ्याही गिळतात आणि औषध थेट शत्रूच्या दारात पोहोचते. चाचणीत नेहमीच्या औषधांनी सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ९ रुग्णांची थुंकी जंतुमुक्त झाली. हे औषध जोडल्यावर सुमारे २९ रुग्णांची झाली.

म्हणजे फरक मोठा, पण जादू नव्हे. आवाज बसणे, खोकला, दम लागणे हे त्रास होतात. कानाचा धोकाही पूर्ण टळत नाही. औषध अतिशय महाग आहे. नेहमीच्या क्षयावर ते नाही. अमिकॅसिनची साधी बाटली घरच्या नेब्युलायझरमध्ये घालण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये.

वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू व त्यांचे भाऊबंद सारखेच दिसतात. गोळ्या नियमित घेऊनही थुंकीत जंतू दिसत राहिले, तर थुंकीचे कल्चर करून नेमका जंतू कोणता व त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहावे. दुसरी, अशा इंजेक्शनांच्या काळात कानात आवाज येऊ लागला किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. मनाने उपचार सोडू नयेत.

त्या गृहस्थांनी महिनाभर वाट पाहिली होती. इंजेक्शन थांबवून औषधे बदलली आणि क्षय बरा झाला. कानातले रातकिडे मात्र अजून पुरते गेलेले नाहीत.