असं का होतं? : पत्रा गारठतो, पाचट का नाही?

पौषात जालना जिल्ह्यात राखणीला आखाड्यावर झोपणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पत्र्याच्या शेडपेक्षा पाचटाच्या कोपीत थंडी कमी वाजते. पत्र्याखाली तर पहाटे अंगावर पाण्याचे थेंबही पडतात.

पाऊस नसताना हे पाणी येतं कुठून? निरभ्र रात्री जमीन, झाडं, छप्पर सगळेच आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतात. पत्रा पातळ. त्यात साठलेली थोडीशी उष्णता लवकर संपते आणि तो भोवतालच्या हवेहूनही गार पडतो. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्याला लागली की तिचं पाणी होऊन ते गळतं. शिवाय असा गार पत्रा खालच्या माणसाच्या अंगाची ऊबही ओढत राहतो.

पाचटही उष्णता सोडतं, पण गारठतो तो फक्त वरचा थर. खालच्या पानापानांच्या फटींत हवा अडकलेली असते आणि न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. गोधडीत लुगड्यांच्या थरांमधली हवा हेच काम करते. म्हणूनच तुराट्यांच्या कुडाला शेणमातीचा लेप हवा. वारा शिरला की हवा स्थिर राहत नाही.

नुसत्या पत्र्यानं थंडी अडत नाही, हे दूरवरही दिसतं: अंटार्क्टिकावर २०१२ मध्ये सुरू झालेलं भारताचं 'भारती' संशोधन केंद्र १३४ कंटेनर जोडून उभारलंय. त्यालाही बाहेरून उष्णतारोधक आवरण घालावं लागलं.

शेडच असेल, तर पत्र्याखाली थोडं अंतर सोडून बारदान ताणा. बंद शेडमध्ये पेटती शेगडी ठेवून मात्र कधीही झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.