गुटगुटीत अंगातल्या ताठर वाहिन्या

‘खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की उतरेल,’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. रक्तवाहिन्या तेवढी वाट पाहत नाहीत. अमेरिकेत लुइझियानातल्या बोगालुसा गावी डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ मध्ये मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातली जी मुलं-तरुण अपघातात वगैरे दगावली, त्यांच्या शवविच्छेदनात महाधमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीच्या पिवळसर रेघा आढळल्या. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितक्या रेघाही जास्त.

पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. दाहाची खूण असलेलं सीआरपी हे प्रथिन चढतं. वाहिनीच्या अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, त्यामुळे ती पुरेशी सैलावत नाही. त्यात रक्तदाबाची भर पडली की भिंत जाड, ताठर होऊ लागते. मुलाला यातलं काहीच जाणवत नाही, हीच खरी गोची.

वजन उतरलं, मैदानी खेळ वाढला की अस्तराचं काम सुधारतं. तेव्हा तीन वर्षांपुढच्या लठ्ठ मुलाचा रक्तदाब दवाखान्यात दरवेळी मोजून घ्या. दंडाला बांधायचा पट्टा मापाचा आहे ना, तेही पाहा. अरुंद पट्ट्यावर आकडा उगाचच जास्त येतो.